तळ्याकाठची पहाट आणि दिवसाउजेडी घाट: दोन दिवसांच्या सहलीची आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवार-रविवारची सुटी, गाडीत चौघं: तुम्ही, पत्नी, ७० वर्षांची आई आणि ८ वर्षांचा मुलगा. गाडी लहान, पेट्रोलवरची. महामार्गावर भरपूर चालवलीत, पण घाट असा कधी चालवलेला नाही. नकाशावर ३२० किलोमीटरचा फेरा काढलाय, त्यात तीन तळी आणि दोन खिंडी. नकाशा म्हणतो, दोन दिवस मिळून साडेआठ तास गाडी चालवावी लागेल. जमेल का?

सहल जमेल, हा फेरा जमणार नाही. एक तळं आणि एक खिंड आत्ताच गाळून टाका. फेरा २०० किलोमीटरच्या आसपास आणा आणि मग पुढचं वाचा.

गेली २२ वर्षं मी डोंगराळ भागात प्रवाशांना घेऊन गाडी चालवतोय. आखणी बिघडलेली सहल पहिल्याच दुपारी ओळखू येते: मागच्या सीटवर सगळे गप्प झालेले असतात, पुढे चालवणारा सारखा घड्याळ बघत असतो, आणि ज्या तळ्यासाठी एवढा आटापिटा केला तिथे पोचेपर्यंत उन्हं गेलेली असतात. याचं कारण एकच. माणसं किलोमीटर मोजून निघतात. डोंगरात मोजायचा असतो तो उजेड. सकाळी पाणी स्थिर असताना तळ्यापाशी असायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरलेला असायचा, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या केल्यात की बाकीचं वेळापत्रक आपोआप बसतं.

नकाशातली वेळ ही न थांबता, रस्ता मोकळा असताना चालवणाऱ्याची वेळ असते. अरुंद घाटरस्त्यावर, पहिल्यांदा चालवणाऱ्याला, सोबत लहान मूल आणि वयस्कर माणूस असताना ती सरळ दीडपट धरा. म्हणजे तुमचे साडेआठ तास पावणेतेरा होतात. यात फोटोला थांबणं नाही, आईचे पाय मोकळे करणं नाही, काही नाही. २०० किलोमीटरचा फेरा नकाशावर साडेपाच तासांचा असेल तर प्रत्यक्षात सव्वाआठ तासांचा होईल. दोन दिवसांत वाटला तर रोज चार तासांच्या आसपास स्टिअरिंगवर. घाटात नव्या माणसाचं लक्ष याहून जास्त टिकत नाही, आणि टिकवायचा हट्टही धरू नये.

आता तळ्यांबद्दल, कारण गल्लत इथेच होते. डोंगरातली बरीचशी तळी दोन जातींची. हिमनदीने दरीत कोरलेली तळी बहुधा लांबट, अरुंद असतात. इंग्लंडमधलं विंडरमिअर असंच, सुमारे १७ किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम दीड. अशा तळ्याच्या काठाने रस्ता सरळ जातो आणि पाणी बराच वेळ सोबत राहतं. धरणाच्या पाण्याचं तसं नसतं. पाणी प्रत्येक ओढ्याच्या दरीत शिरलेलं असतं, त्यामुळे तळ्याला हाताच्या बोटांसारखे फाटे फुटतात. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि तिथे जायला रस्ता प्रत्येक फाट्याला वळसा घालत ३०-४० किलोमीटर फिरवून नेतो. तुमच्या फेऱ्यातलं दुसरं तळं असंच फाटेफुटं आहे, असं तुम्ही पाठवलेल्या नकाशावरून दिसतं. तेच गाळा. एकाच काठावर बसून ते छान बघता येईल, पण ती वेगळी सहल.

फेरा कोणत्या दिशेने मारायचा यालाही महत्त्व आहे. जिथे वाहनं डाव्या हाताने चालतात तिथे तळं आपल्या डावीकडे राहील असं निघा, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट. तळ्याच्या बाजूची लेन आपली राहते, थांबायला समोरची वाहतूक कापावी लागत नाही, आणि मधे दुसऱ्या गाड्या न येता पाणी दिसतं. उजव्या हाताने वाहनं चालणाऱ्या देशात हेच उलटं करा. घाटात मात्र याची दुसरी बाजू आहे: दरीकडची लेनही आपलीच येते. आईंना उंचीची भीती वाटत असेल तर त्यांना दरीपासून लांबच्या बाजूला बसवा.

मुक्काम तळ्याच्या कोणत्या काठावर करायचा हे फारच थोडे लोक विचारतात. मी पूर्वेचा काठ सुचवतो. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि आधी समोरचे, म्हणजे पश्चिमेकडचे, डोंगरमाथे उजळतात. तो उजेड हळूहळू उतरत पाण्यापर्यंत येतो. तुम्ही अजून सावलीत, गारठ्यात, आणि समोरचा अख्खा कडा तांबूस झालेला, त्याचं प्रतिबिंब खाली जसंच्या तसं. हे पंधरा-वीस मिनिटं चालतं. संध्याकाळचं ऊनही याच काठावर जास्त वेळ टिकतं.

प्रतिबिंब पहाटेच का नीट दिसतं, तेही सांगतो, म्हणजे लवकर उठायचं मनावर घ्याल. रात्रभर डोंगरउतार थंड होतात, जड गार हवा खाली येऊन दरीच्या तळाशी साचते आणि निवते. पहाटे ती जवळजवळ हलत नाही. सूर्य वर आला की उतार तापतात, हवा वर चढू लागते, दरीतून वारा सुटतो आणि पाण्यावर लहरी येतात. साधारण नऊ-दहापर्यंत आरसा मोडतो. आदल्या रात्री आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असेल, त्यातून दिवसभर तापलेलं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असेल, तर पहाटे पाण्यावर धुकं तरंगताना दिसेल. गुडघाभर उंचीचं, वाफेसारखं. मुलाला त्यासाठी झोपेतून उठवा, रागावला तरी चालेल.

डोंगरात ढगही याच कारणाने दुपारनंतर जमतात. तापलेली हवा उतारावरून वर चढते, वर थंड होते, ढग बनतात. गडगडाट, जोराची सर, माथ्यावर अचानक धुकं, हे सगळं बहुधा दुपारनंतरचं. म्हणून खिंड दुपारच्या आत ओलांडायची. पावसाळी हंगामात तर हा माझा न मोडायचा नियम आहे.

आता तुमचा फेरा असा बसतो. शनिवारी उजाडताना घर सोडा. सपाटीचा रस्ता सकाळी मोकळा असतो, तो भराभर संपवा. मोठा रस्ता सोडून आत वळण्याआधी टाकी भरा आणि टायरची हवा बघून घ्या. आत गेल्यावर टाकी अर्धी झाली की ती रिकामी झालीच असं समजायचं, कारण पुढचा पंप बंद असला तर परत फिरायलाही पेट्रोल लागतं. खिंड अकराच्या सुमाराला. दुपारी उतरून पहिल्या तळ्यापाशी. मुक्काम तिथेच. रविवारी सकाळ पूर्ण तळ्याला द्या, दहाला निघा, दुसऱ्या तळ्यापाशी तासभर, आणि तीनच्या आत परतीचा उतार सुरू. या आखणीत शनिवारची दुपार मोकळी दिसते. ती मोकळीच ठेवा.

सूर्यास्ताची वेळ पंचांगात किंवा फोनवर बघाल, तिच्यावर दरीत विसंबू नका. क्षितिजाऐवजी डोंगर आडवा आला की ऊन तास-दीड तास आधी जातं. माझी जुनी युक्ती अशी: हात सरळ पुढे ताणा, बोटं आडवी धरा, सूर्य आणि डोंगराची कड यांच्यात किती बोटं बसतात ते मोजा. एका बोटाला अंदाजे १५ मिनिटं. चार बोटं उरली असतील तर उन्हाचा तास उरला. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढं मुलाला आधी सांगा, कारण हा खेळ त्याला फार आवडेल.

चढाबद्दल फार बोलत नाही. चढ गाडीची ताकद बघतो, आणि गाडी दमली की स्वतःच सांगते. गिअर वेळेवर उतरवा, इंजिन घरघरेपर्यंत वाट बघू नका. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर १००० मीटर उंचीला साधारण १० टक्क्यांनी कमी होते, तेव्हा माथ्याजवळ गाडी मंद वाटली तर घाबरायचं कारण नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा. तरीही चढला तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका.

उतार ही खरी परीक्षा, आणि तो नव्या माणसाला सोपा वाटतो.

हिशोब करून बघा. माणसं आणि सामान धरून तुमची गाडी १४०० किलोची धरू. खिंडीतून ती ७०० मीटर खाली येते, सात टक्के उताराने साधारण १० किलोमीटर. (सात टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर खाली. इंग्लंडच्या हार्डनॉट खिंडीत हाच उतार ३३ टक्क्यांपर्यंत जातो.) उंचीवरून खाली येताना सुटणारी एवढी ऊर्जा साधारण २८ लिटर गार पाणी उकळायला पुरेशी असते. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची कुठेतरी जिरायला हवी: एक तर इंजिनात, नाही तर ब्रेकमध्ये. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ती सगळी चार चाकांतल्या हातभर लोखंडात जाते.

मग दोन गोष्टी होतात. पॅड इतके तापतात की घर्षण कमी होतं, पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. आणि उष्णता आत ब्रेक ऑइलपर्यंत गेली तर ते उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडून खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुमचं कधी बदललंय? आठवत नसेल तर निघण्याआधी बदलून घ्या. सहलीच्या तयारीतलं हे पहिलं काम.

माझ्यावर हे एकदा ओढवलंय, धंद्यात नवा असताना. पाच प्रवासी, भरलेली टपावरची पेटी, आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून निवांत उतरत होतो. आधी वास आला, जळक्या चिंधीसारखा. पुढच्या वाहनाचा असेल म्हणून मी काच वर केली. दोन वळणांनंतर पेडल नेहमीच्या जागी लागलंच नाही. आणखी खाली गेलं. पंप केल्यासारखं दोन-तीनदा दाबलं तेव्हा थोडं धरलं, मी गाडी दुसऱ्यात टाकली, इंजिन ओरडलं, मग पहिल्यात, आणि डोंगराच्या बाजूला चढावर निघालेल्या एका कच्च्या वाटेत गाडी घातली. उतरून बघितलं तर पुढच्या चाकातून धूर येत होता. मागच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "पोचलो का?" त्यांना काही कळलंच नव्हतं. माझे पाय मात्र अर्धा तास थरथरत होते.

त्या दिवसापासून वास आला की तो आपल्याच गाडीचा, असं धरून मी थांबतो.

उतरताना काय करायचं ते असं. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, गिअर खाली घ्या. चढताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने, किंवा एक खालच्याने, उतरायचं. लहान गाडीला तीव्र उतारावर बहुतेक वेळा दुसरा, यू-वळणाला पहिला. इंजिनाचा आवाज वाढतो, नव्या माणसाला वाटतं गाडीला त्रास होतोय. होत नाही, तेच तर इंजिनाचं काम. ऑटोमॅटिक असेल तर एल, २, बी किंवा हाताने गिअर पाडायची सोय वापरा, डी मध्ये सोडून देऊ नका. ब्रेक तरीही लागणारच. तो वळणाआधी ठामपणे दाबा, वेग पाडा आणि सोडा. सतत घासत ठेवू नका, सोडलेल्या वेळात चाकांना वारा लागतो. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून गाडी सोडणं, हे करणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही. पेट्रोल वाचतही नाही, कारण हल्लीच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल बंदच होतं.

ब्रेक तापलेच तर थांबून किमान अर्धा तास जाऊ द्या. पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकडी होते किंवा तडकते. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यावरून उचलून बाजूला टाका.

विजेवरची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एकच सूचना: मुक्काम माथ्यावर असेल तर रात्री बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतरतानाची वीज मावत नाही, आणि मग चाकं धरायला साधे ब्रेकच उरतात.

अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर बहुतेक ठिकाणी चढणाऱ्याला आधी वाट देतात, कारण त्याला थांबून पुन्हा उचलणं अवघड. पण रुंद जागा ज्याच्या मागे जवळ असेल त्याने मागे घ्यावी, हा शहाणपणा नियमाहून वरचढ. यू-वळणावर वरून बस किंवा ट्रक येताना दिसला तर वळणात शिरू नका, खालीच थांबा. त्याला पूर्ण वळण लागतं. आंधळ्या वळणाला एक छोटा हॉर्न, आणि काच दोन बोटं खाली, म्हणजे समोरच्याचा हॉर्न तुम्हालाही ऐकू येईल. मागे गावातली गाडी चिकटली तर पहिल्या रुंद जागेला बाजूला व्हा. तो रोजचा आहे, त्याला कामावर जायचंय.

धुकं लागलं तर डिपरवरच राहा, अप्पर मारलात की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळताय की सरळ जाताय हे मागच्याला कळत नाही. रस्त्याच्या आपल्या बाजूची कड धरून हळू चला. काचा आतून धुरकटल्या तर एसी सुरू करून हवा काचेवर सोडा. दर १००० मीटरला तापमान ६ ते ६.५ अंशांनी उतरतं, थंड प्रदेशात पूल आणि डोंगराच्या सावलीतली वळणं आधी गोठतात. बाकीचा रस्ता कोरडा दिसतो म्हणून तिथे फसगत होते.

मुलाला गाडी लागते असं तुम्ही लिहिलंय. कानाला वळण कळतं आणि डोळ्याला पुस्तकच दिसतं, त्या भांडणातून मळमळ होते. फोन आणि पुस्तक बंद, लांबचं बघायचं, थोडी काच उघडी, पोट ना रिकामं ना तुडुंब. पण अर्धं औषध चालवणाऱ्याच्या हातात असतं. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली पुढे ठेवा आणि अधूनमधून तिच्यावर नजर टाका. वळणात पाणी एकदाच कलून पुन्हा सरळ झालं तर तुम्ही नीट चालवताय. ते पुढे-मागे हिंदकळत असेल तर मागच्या सीटवरचं पोटही तसंच हिंदकळतंय.

तळ्याकाठी तीन गोष्टींची काळजी घ्या. ओल्या गवतावर किंवा पाणी ओसरलेल्या गाळावर गाडी नेऊ नका. वरून कोरडी दिसणारी खपली चाकाखाली फुटते आणि खाली लोणी असतं. डोंगरातलं पाणी उन्हाळ्यातही फार गार असतं, १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं तर दचकून श्वास आत ओढला जातो आणि पोहणाराही गटांगळी खातो, म्हणून मुलाने पाय बुडवावेत, उडी नाही. आणि धरणाखालच्या नदीपात्रात उतरायचं नाही, तिथलं पाणी न सांगता वाढतं. गाडी लावताना शेताचं फाटक अडवू नका. बंद दिसलं तरी त्याच्यामागे कुणाची तरी गुरं किंवा ट्रॅक्टर असतो.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि मुक्कामाच्या जागेचा नंबर कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. दरीत रेंज जाते.

रविवारी उतार संपला की लगेच महामार्गाला लागू नका. सपाटीवर पाच मिनिटं थांबा, उतरा आणि पुढच्या चाकाजवळ तळहात न्या. हात लावायचा नाही, वीतभर लांब धरायचा. नुसती ऊब लागली तर गिअर बरोबर होते. धग लागली तर पुढच्या घाटात एक गिअर खाली.